कॅल्शियम सायनामाइड आणि त्याची नायट्रोजनी भावकी: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुटीबोरीच्या गोदामात पोती मोजणारा स्टोअरकीपर, काटोल-वरुडकडचे संत्रा बागायतदार, केमिकल इंजिनीअरिंगची पोरं आणि मधुमेहाची गोळी घेणारे शेजारचे काका या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून याच एका पदार्थाशी येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. घाईत असाल तर दारूबद्दलचा आणि गोदामाबद्दलचा प्रश्न आधी वाचा. बाकीचं निवांत वाचलं तरी चालेल.

कॅल्शियम सायनामाइड म्हणजे नेमकं काय?

एक कॅल्शियम, एक कार्बन आणि दोन नायट्रोजन. शुद्ध असेल तर पांढरं, पण बाजारात मिळणारा माल काळपट राखाडी असतो, कारण तो बनताना सुटा झालेला कार्बन ग्राफाइटच्या रूपात त्यातच राहतो. शुद्ध पदार्थात वजनाने ३५ टक्के नायट्रोजन असतो. बाजारातल्या मालात तो १९ ते २४ टक्के भरतो. उरलेल्यात साधारण पाचवा हिस्सा मोकळा चुना, १० ते १२ टक्के ग्राफाइट आणि थोडी इतर भेसळ. हा चुना लक्षात ठेवा, पुढे विदर्भाच्या जमिनीचा विषय निघेल तेव्हा तो कामी येईल.

नावात ‘सायन’ आहे, म्हणजे हे सायनाइडच ना?

नाही. सायनाइडमध्ये एक कार्बन आणि एक नायट्रोजन तिहेरी बंधाने जखडलेले असतात. कॅल्शियम सायनामाइडमध्ये कार्बन मधोमध आणि दोन्ही बाजूंना एकेक नायट्रोजन अशी मांडणी असते. हा फरक कागदापुरता नाही. सायनाइड पेशींचा श्वासच रोखतं, ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही. सायनामाइडची बाधा तशी होत नाही, त्यामुळे सायनाइडवरचे उतारेही त्यावर चालत नाहीत. त्याची बाधा वेगळी आणि उपचारही वेगळे.

गैरसमजाला इतिहासाचा आधार मात्र आहे. मिठासोबत भट्टीत वितळवून या पदार्थापासून खरोखरच सायनाइड बनवत आणि ते सोन्याच्या खाणींना विकत. पण ती भट्टीच्या तापमानाची गोष्ट आहे. वावरात किंवा पोत्यात तसं काही होत नाही. आणि ‘सायनाइड नाही’ याचा अर्थ ‘निरुपद्रवी आहे’ असाही घेऊ नका. डोळे, कातडी आणि घसा यांना ही पूड चांगलीच झोंबते. कामाच्या जागी हवेत तिचं प्रमाण घनमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, अशी शिफारस आहे.

हे कोणी आणि कशासाठी शोधलं?

१८८७ च्या सुमारास सायनाइड वापरून सोनं काढायची पद्धत आली आणि सायनाइडची मागणी एकदम वाढली. जर्मनीत अडॉल्फ फ्रांक आणि निकोडेम कारो हे दोघे ते स्वस्तात कसं बनेल या खटपटीत होते. १८९० च्या दशकात त्यांनी कार्बाइडवरून, म्हणजे धातू आणि कार्बनच्या संयुगावरून, तापलेला नायट्रोजन सोडून पाहिला. बेरियम कार्बाइडपासून सायनाइड मिळत होतं. कॅल्शियम कार्बाइड घेतलं तेव्हा मात्र हाती आलं ते सायनामाइड. त्यांचे सहकारी फ्रिट्झ रोटे यांनी १८९८ मध्ये हे ओळखलं. १९०१ मध्ये फ्रांक यांचे चिरंजीव आल्बर्ट यांनी हा पदार्थ थेट खत म्हणून वापरता येईल असं सुचवलं, आणि हवेतला नायट्रोजन पिकाच्या मुळाशी नेण्याचा एक औद्योगिक मार्ग खुला झाला.

हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश पद्धत कारखान्यात उतरली ती १९१३ साली, जर्मनीतल्या ओप्पाऊ इथे. त्याच्या कितीतरी आधी इटलीतल्या पियानो द’ओर्ता इथे आणि मग नॉर्वेतल्या ओद्दा इथे सायनामाइडचे कारखाने सुरू झाले होते. अमेरिकन सायनामिड ही पुढे औषधांमुळे गाजलेली कंपनीही १९०७ मध्ये याच खतासाठी स्थापन झाली. तिचा पहिला कारखाना नायगारा धबधब्याच्या कॅनडाकडच्या बाजूला उभा राहिला. धबधब्याजवळ का, ते पुढच्या दोन उत्तरांत येईल.

कारखान्यात ते बनतं कसं?

चार गोष्टी लागतात: चुना, कोक (हवा न लागू देता भाजलेला कोळसा), वीज आणि हवा.

चुना आणि कोक विजेच्या भट्टीत २००० अंश सेल्सियसच्या आसपास तापवले की कॅल्शियम कार्बाइड बनतं, तेच वेल्डिंगवाल्याकडचं ‘कार्बेट’. हे दळून पूड करतात. पूड पिंपासारख्या भट्टीत भरतात आणि मधोमध कार्बनची कांडी खोचतात. कांडीतून वीज सोडून आतली पूड फक्त एका जागी १००० अंशांच्या वर नेतात आणि शुद्ध नायट्रोजन आत सोडतात. एकदा क्रिया पेटली की वीज बंद केली तरी चालतं, कारण क्रियेतूनच इतकी उष्णता निघते की ती मधून कडेकडे आपोआप सरकत जाते. जुन्या भट्ट्यांत एक घाणा शिजायला काही दिवस लागत. शेवटी काळा, दगडासारखा गट्टू निघतो. तो थंड करून फोडतात आणि दळतात. पुढे बऱ्याच ठिकाणी फिरत्या भट्ट्या आल्या आणि घाण्याऐवजी काम अखंड चालू लागलं.

यात दोन खोचा आहेत. नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळलेला असला तर कार्बाइड जळून पुन्हा चुना होतो. म्हणून हवा द्रवरूप करून नायट्रोजन वेगळा काढायचं तंत्र आल्यावरच हा धंदा जमला. दुसरी खोच तापमानाची. ते फार चढलं तर बनलेलं सायनामाइड उलटं मोडायला लागतं. त्यासाठी थोडं कॅल्शियम फ्लोराइड किंवा क्लोराइड मिसळतात, म्हणजे कमी तापमानाला काम भागतं.

सगळ्यात शेवटी दळलेल्या पुडीवर मोजकं पाणी शिंपडतात. उरलंसुरलं कार्बाइड तिथेच मारून टाकायचं, हा त्यामागचा हेतू. ही पायरी कच्ची राहिली की तिचा हिशेब पुढे गोदामवाल्याला चुकवावा लागतो.

विदर्भात चुनखडी आहे, कोळसा आहे, औष्णिक वीज केंद्रं आहेत. मग खतासाठी असा कारखाना इथे का परवडत नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो विचारणारा कच्च्या मालापासून विचार करतो. चंद्रपूर-यवतमाळकडची चुनखडी सिमेंटला उत्तम आहे. कार्बाइडला मात्र मॅग्नेशियम आणि फॉस्फरस अगदी कमी असलेला चुना लागतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा वीज केंद्रांत जळायला ठीक, पण त्यात राख जास्त आणि त्याचा कोक होत नाही. कार्बाइडला कमी राखेचा कोक हवा.

तरी हे सोडून देऊ आणि नुसत्या विजेचा हिशेब मांडू. एक टन कार्बाइडला साधारण ३००० युनिट वीज जाते. एक टन नायट्रोजन बांधायला कागदावर २.३ टन शुद्ध कार्बाइड पुरतं, पण बाजारातलं कार्बाइड ८० टक्क्यांच्या आसपास शुद्ध असतं, म्हणजे जवळपास २.९ टन धरा. झाले ८७०० युनिट, नायट्रोजन वेगळा करण्याची आणि दळण्याची वीज वेगळीच. युनिटचा दर ७ रुपये धरला तर टनभर नायट्रोजनमागे सुमारे ६१ हजार रुपये निव्वळ विजेचे. आता युरिया घ्या. २६६ रुपये ५० पैशांच्या ४५ किलोच्या पिशवीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नायट्रोजन. टनभर नायट्रोजनला ४८ पिशव्या, म्हणजे साधारण १३ हजार रुपये. युरियाच्या या किमतीमागे सरकारचं मोठं अनुदान आहे हे खरं, पण अनुदान काढलं तरी नैसर्गिक वायूवरचा अमोनिया सहसा या मार्गापेक्षा स्वस्तच पडतो.

म्हणूनच हे कारखाने धबधब्यांच्या आणि जलविद्युत केंद्रांच्या आसऱ्याने उभे राहिले, आणि म्हणूनच खत म्हणून ते मागे पडले. आज जगात ते टिकून आहेत ते त्यापासून बनणाऱ्या महागड्या रसायनांच्या जोरावर आणि युरोप-जपान-चीनमधल्या भाजीपाल्याच्या शेतीवर.

जमिनीत टाकल्यावर याचं काय होतं?

ओल मिळाली की चुना सुटतो आणि मोकळं सायनामाइड तयार होतं. हा टप्पा कोवळ्या अंकुरांना, तणांच्या बियांना, सूत्रकृमींना आणि काही बुरशींना मारक असतो. मग मातीतलं सायनामाइड पाणी घेऊन युरिया बनतं, युरियाचं अमोनियम होतं, आणि शेवटी जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे मुळं उचलतात. काही हिश्शाचं वाटेत डायसायनडायमाइड, म्हणजे सायनामाइडच्या दोन रेणूंची जोडी, बनतं. ते नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवरून धरतं, त्यामुळे नायट्रोजन हळूहळू सुटतो आणि पावसाने कमी वाहून जातो. आपल्याकडे २०१५ पासून सगळा युरिया निंबोळी लेपाचा करण्यामागेही हाच विचार आहे, फक्त तिथे हे काम निंबोळीचं तेल करतं.

युरोपात कोबीवर्गीय पिकांच्या मुळांना गाठी आणणाऱ्या रोगावर हे खत मुद्दाम वापरतात. पण खत टाकलं आणि लगेच बी पेरलं, तर बीही तणासारखंच मरतं. जमिनीची ओल आणि ऊब पाहून एक ते तीन आठवडे थांबावं लागतं. कोरड्या जमिनीत ही घड्याळाची टिकटिक सुरूच होत नाही, हे बरेच जण विसरतात. वावर कोरडं असताना टाकलं आणि पंधरा दिवसांनी पेरणीच्या पावसासोबत बी पेरलं, तर मारक टप्पा आणि अंकुर नेमके एकाच वेळी येतात.

मग आमच्या काळ्या जमिनीत वापरावं का?

माझं स्पष्ट मत: सरसकट नाही. या खताचा निम्मा फायदा त्यातल्या चुन्यामुळे आहे आणि तो आम्लधर्मी जमिनीसाठी. युरोपातल्या, जपानमधल्या आंबट जमिनींना चुना हवाच असतो. नागपूर, वर्धा, अमरावतीकडच्या काळ्या जमिनींचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ आणि चुनखडीचं प्रमाण मुळातच जास्त. त्यात आणखी चुना ओतून काय साधणार? संत्र्याच्या झाडाची पानं शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी दिसतात ना, ती बहुधा लोह-जस्ताची कमतरता असते, आणि चुनखडीची जमीन हे तिचं एक मोठं कारण. चुना वाढला की लोह आणि जस्त जमिनीत असूनही मुळांना मिळत नाहीत.

पूर्व विदर्भातल्या, भंडारा-गोंदियाकडच्या काही भातजमिनी आंबट आहेत, तिथे विचार वेगळा होऊ शकतो. पण आधी माती तपासा. अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्थाही आहे. देशातल्या कितीतरी शेतकऱ्यांना या दोन संस्थांसाठी प्रवास करावा लागतो, आपल्याला त्या गावातच आहेत.

नाशिककडे द्राक्षाच्या काडीला लावतात ते औषध संत्र्याचा बहार धरायला चालेल का?

नाही, त्या वाटेला जाऊ नका. ते औषध म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, याच घराण्यातलं, साधारण ५० टक्क्यांचं द्रावण. द्राक्षाला गोडी छाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्याची पेस्ट लावतात. महाराष्ट्रात हिवाळा पुरेसा कडक नसतो, त्यामुळे डोळ्यांची झोप आपोआप नीट मोडत नाही आणि हे रसायन ती मोडतं. संत्र्याचं गणित वेगळं आहे. ते सदाहरित झाड, त्याला आपण पाणी तोडून ताण देतो आणि मग पाणी सुरू करून आंबिया किंवा मृग बहार धरतो. ताण कमी पडला, तर त्याची भरपाई या रसायनाने होत नाही. हिरव्या पानांवर ते पडलं तर पानं भाजतात, हे मात्र नक्की.

कपाशीची पानं गाळायला हे वापरत असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत बोंडं फुटल्यावर कपाशीवर याची पूड धुरळत. यंत्राने वेचणी करायची तर झाडावर पान नको असतं. पूड काम करायला पानावर दव लागे. दव नसलं की सगळी मेहनत वाया. पुढे जास्त भरवशाची रसायनं आली आणि हे मागे पडलं. विदर्भात वेचणी हातानेच होते, त्यामुळे आपल्याला याची गरज नाही.

कामगारांना ‘हे हाताळलं तर दारू पिऊ नका’ असं का सांगतात?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग ॲसिटिक आम्ल. पहिला पदार्थ त्रासदायक, दुसरा निरुपद्रवी. मधली पायरी ॲल्डिहाइड डिहायड्रोजिनेज नावाचं विकर पार पाडतं. सायनामाइड शरीरात गेलं की हे विकर बंद पडतं. मग थोडीशी दारूही ॲसिटाल्डिहाइडवर येऊन अडकते. चेहरा आणि मान लालबुंद होते, डोकं ठणकतं, छाती धडधडते, धाप लागते, उलट्या होतात आणि रक्तदाब खाली येतो. ज्याचं हृदय आधीच कमकुवत आहे, त्याच्या जिवावर बेतू शकतं. जर्मनीतल्या सायनामाइड कारखान्यांतल्या कामगारांत हा प्रकार १९१४ मध्येच नोंदवला गेला होता. पुढे डॉक्टरांनी हाच गुण उलटा वापरला. दारू सोडवण्यासाठी सायनामाइडची औषधं निघाली, आणि जपानमध्ये ती आजही देतात.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहा. नाशिककडे द्राक्षाच्या काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावणारा मजूर दिवसभर ब्रश किंवा स्पंजने काम करतो. हातमोजे दिलेले असले तरी उकाड्यात तो ते काढून ठेवतो. कातडीतून थोडं आत जातं, थोडं श्वासातून जातं. विदर्भातले कितीतरी मजूर हंगामात तिकडे कामाला जातात. संध्याकाळी अंग दुखतं म्हणून जो तो घोटभर घेतो, आणि अर्ध्या तासात वाटतं की दारूच विषारी निघाली. डॉक्टरलाही तो दारूचंच सांगतो. दिवसभर काय हाताळलं ते सांगत नाही, कारण त्या दोन गोष्टींचा संबंध आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

डब्यावर इशारा असतो. बारीक अक्षरात असतो आणि पुष्कळदा इंग्रजीत असतो. माझं म्हणणं इतकंच की तो इशारा मालकाने किंवा मुकादमाने काम सुरू करण्यापूर्वी मजुराच्या भाषेत, तोंडाने, प्रत्येकाला सांगितलाच पाहिजे. कामाच्या आदल्या दिवसापासून दारू बंद आणि काम संपल्यावरही काही दिवस बंद. नेमके किती दिवस ते त्या मालाच्या लेबलवर लिहिलेलं असतं, तेच पाळायचं. खोकल्याच्या काही औषधांत आणि आसवांत मद्यार्क असतो, तोही यात मोजायचा. त्रास झालाच तर माणसाला आडवं करून लगेच दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना रसायनाचं नाव सांगा. जमलं तर रिकामा डबाच सोबत न्या.

गोदामात ठेवताना काय सांभाळायचं?

पाणी, एवढंच. बाकी सगळं त्यातूनच येतं.

पोत्यात कार्बाइडचा अंश राहिला असेल आणि ओल लागली, तर ॲसिटिलीन वायू सुटतो. हवेत अडीच टक्के ॲसिटिलीन झालं तरी ठिणगीने पेट घेतं, आणि वरची मर्यादा इतकी उंच आहे की ‘जास्त वायू आहे म्हणून पेटणार नाही’ असं कधी म्हणताच येत नाही. हवेपेक्षा थोडा हलका असल्याने तो छताखाली साठतो. म्हणून जमिनीलगतच्या झरोक्यांवर विसंबू नका, वरूनही हवा खेळली पाहिजे. लसणासारखा वास आला तर बटण दाबून दिवा लावूनही पाहू नका. तो वास मुख्यतः सोबतच्या फॉस्फिनसारख्या अशुद्धींचा असतो. अमोनियाचा झणझणीत वास आला तर माल ओला होऊन मोडायला लागला आहे.

कार्बाइडचं प्रमाण ०.१ टक्क्याहून जास्त असेल तर वाहतुकीत हा माल, धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या युएन १४०३ या क्रमांकाखाली आणि वर्ग ४.३ मध्ये मोडतो. वर्ग ४.३ म्हणजे पाणी लागल्यावर ज्वालाग्राही वायू सोडणारे पदार्थ. ट्रकवर निळ्या रंगाची चौकट लागते. निव्वळ कार्बाइडसाठी तर ‘कॅल्शियम कार्बाइड नियम, १९८७’ आहेत आणि ते राबवणाऱ्या ‘पेसो’ या पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय इथेच, सेमिनरी हिल्सला आहे.

नागपूरच्या हवामानाची एक गोची आहे. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की पोतं उघडं राहिलं तरी काही बिघडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. मग जूनमध्ये पहिल्याच पावसात पत्र्याची गळकी जागा कळते. पत्रे आणि पन्हळी मे संपायच्या आत पाहून घ्या, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. द्रवरूप हायड्रोजन सायनामाइडचं उलटं आहे. त्याला मे महिनाच घातक, कारण उष्णतेत त्याचे दोन-दोन रेणू जुळून डायसायनडायमाइड होतं, त्यातून आणखी उष्णता निघते आणि क्रिया स्वतःलाच पळवत नेते. बंद डबा फुगून फुटू शकतो. ४५ अंशांच्या उन्हात तापणारी पत्र्याची शेड त्याची जागा नव्हे.

आग लागली तर?

पाणी मारू नका. कोरडी वाळू, कोरडी रासायनिक पूड. अग्निशमन दलाला फोन करतानाच पदार्थाचं नाव आणि युएन क्रमांक सांगा, म्हणजे ते पाण्याचा बंब सोडण्यापूर्वी विचार करतील.

डोळ्यात किंवा अंगावर पूड उडाली तर?

अंगावरची पूड आधी कोरड्या कपड्याने झटका, मग भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेली तर वेळ न घालवता किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवून डॉक्टरांकडे जा. यात चुना आहे आणि चुना डोळ्याची वाट पाहत नाही.

आंबे पिकवायला वापरतात ते हेच का?

नाही, ते कॅल्शियम कार्बाइड, म्हणजे याच्या आधीची पायरी. त्यातून सुटणारं ॲसिटिलीन फळ पिकवतं. भारतात अन्नसुरक्षा नियमांनुसार असं पिकवलेलं फळ विकायला बंदी आहे. कळमन्याच्या बाजारात पेटीत पुडी दिसली तर ती घेऊ नका आणि तक्रार करा.

कॅल्शियम नायट्रेट, कॅन आणि कॅल्शियम सायनामाइड, तिन्हींत कॅल्शियम आणि नायट्रोजन. एकाऐवजी दुसरं चालेल?

मुळीच नाही. ठिबकमधून सोडतो ते कॅल्शियम नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळतं, त्यात साडेपंधरा टक्के नायट्रोजन असतो आणि तो लगेच लागू होतो. कॅन म्हणजे अमोनियम नायट्रेटमध्ये चुनखडी मिसळून केलेलं खत, सुमारे २५ टक्क्यांचं. सायनामाइड पाण्यात नीट विरघळत नाही आणि उभ्या पिकाच्या मुळाशी टाकलं तर पीक भाजतं. दुकानदार ‘सगळं कॅल्शियमच’ म्हणाला तरी पिशवीवरचं नाव वाचूनच घ्या.

दुधातल्या मेलामाइनचं प्रकरण या पदार्थाशी जोडलेलं आहे का?

नात्याने जोडलेलं आहे. सायनामाइडचे दोन रेणू जुळले की डायसायनडायमाइड, तीन जुळून कडं झालं की मेलामाइन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने मेलामाइन १८३४ मध्येच बनवलं होतं, आणि कारखान्यांत ते अनेक वर्षं कॅल्शियम सायनामाइडपासून निघत असे. आता मुख्यतः युरियापासून निघतं. स्वयंपाकघरातल्या न फुटणाऱ्या ताटल्या आणि प्लायवूडवरचं सनमायका त्याच्याच राळेचे.

मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. दुधातली प्रथिनं मोजायची जुनी केल्डाल पद्धत प्रथिनं पाहतच नाही. ती एकूण नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधते. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळून ही चाचणी फसवली गेली. २००८ मध्ये ते उघडकीस आलं तोवर सुमारे तीन लाख बाळांना मूत्रपिंडाचा त्रास झाला होता आणि सहा बाळं दगावली. दोष रेणूचा नव्हता, दूध विकणाऱ्यांनी जाणूनबुजून केलेली ती लबाडी होती. तरी रसायनशास्त्र शिकवणाऱ्याने केल्डाल पद्धत शिकवताना हा धडा गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

न्यूझीलंडचं प्रकरण वेगळं. तिथे कुरणांतला नायट्रोजन वाहून जाऊ नये म्हणून डायसायनडायमाइड फवारत. दुधात त्याचा अंश सापडल्यावर २०१३ च्या सुरुवातीला त्याची विक्री थांबवली. कोणी आजारी पडलं नव्हतं.

मधुमेहाच्या गोळीत सायनामाइड असतं असं कोणी म्हणालं. घ्यावी की नाही?

काका, गोळी निर्धास्त घ्या. मेटफॉर्मिन हे औषध डायसायनडायमाइड आणि डायमिथाइल अमाइनचा क्षार एकत्र तापवून बनवतात. म्हणजे त्याचा उगम या घराण्यात आहे. पण बनलेलं औषध हा स्वतंत्र पदार्थ आहे, त्यात सायनामाइडचे गुण उरत नाहीत. १९२२ मध्ये ते पहिल्यांदा बनलं आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये मधुमेहावर वापरायला सुरुवात झाली.

हीच गोष्ट व्यायामशाळेतल्या पोरांच्या क्रिएटिनची, जे सार्कोसिन आणि सायनामाइडपासून बनतं. बुरशीनाशक कार्बेन्डाझिमची मुळं इथेच आहेत. मोबाइलमधल्या हिरव्या सर्किट बोर्डाची इपॉक्सी राळ घट्ट करायला डायसायनडायमाइड लागतं, आणि गाडीतल्या एअरबॅगला फुगवणाऱ्या गोळीतलं ग्वानिडीन नायट्रेटही त्याच वाटेने येतं. शहरातल्या केमिकलच्या विद्यार्थ्यांना मी म्हणतो, एकदा कॅल्शियम सायनामाइड मधोमध लिहा आणि सगळीकडे बाण काढत जा. नायट्रोजनची अर्धी औद्योगिक रसायनविद्या एका पानावर मावते.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही हे नाव भेटतं, ते कसं?

खोझुव कारखान्याच्या खटल्यामुळे. पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग बंद झाले आणि नायट्रोजनसाठी लागणारा चिलीचा सोरा मिळेना, तेव्हा जर्मनीने घाईने मोठे सायनामाइड कारखाने बांधले. त्यातला एक खोझुवला होता. युद्धानंतर हा भाग पोलंडकडे गेला आणि १९२२ मध्ये पोलंडने कारखाना ताब्यात घेतला. तो चालवायला नेमलेले रसायनतज्ज्ञ इग्नात्सी मोश्चित्स्की पुढे १९२६ मध्ये पोलंडचे राष्ट्राध्यक्ष झाले. जर्मनीने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १९२८ च्या निकालात तत्त्व ठरलं की बेकायदा कृत्याची भरपाई अशी हवी की शक्य तितकी पूर्वस्थिती परत यावी. देशांमधल्या भरपाईच्या वादांत हा निकाल आजही आधाराला घेतात.

शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत काही दाखवता येईल?

शिक्षक समोर असतील, धूर ओढणारी पेटी असेल आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे असतील, तर येईल. परीक्षानळीत चिमूटभर पूड, वर थोडं पाणी, आणि मंद आचेवर बराच वेळ उकळत ठेवायचं. नळीच्या तोंडाशी, काचेला न टेकवता, हळदीच्या पाण्यात भिजवलेला गाळणकागद धरायचा. अमोनिया निघू लागला की पिवळा कागद तांबूस तपकिरी होतो. कागद द्रवात बुडू देऊ नका, नाहीतर तिथल्या चुन्यानेच रंग बदलेल आणि काही सिद्ध होणार नाही. हवेत धरून ठेवला की रंग पुन्हा पिवळा होतो, कारण अमोनिया उडून जातो. मुलांना हा फरक आधी न सांगता शोधू द्या. उरलेला गाळ बेसिनमध्ये ओतायचा नाही. तो भरपूर पाण्यात उघड्यावर दोन-तीन आठवडे मुरवत ठेवायचा आणि मग प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्यायचा.